दिवसाचे परवलीचे वचन

किल्ल्याच्या दरवाजावर रात्रीचा पहारा बसला म्हणजे त्या रात्रीपुरता एक परवलीचा शब्द ठरविला जाई. अंधारातून कोणी आले की पहारेकरी त्यास तो शब्द विचारी. ज्याला तो सांगता येई तो आपला आणि ज्याला येत नसे तो परका. हा शब्द फार मोठा असावा लागत नसे व त्यात काही पांडित्यही नसे. परंतु दोन गोष्टी त्यात खचित असत. एक ही की, तो पहारेकऱ्याने आपल्या आवडीने निवडलेला नसे, वरून आलेला असे. दुसरी ही की, कालचा शब्द आज चालत नसे. ख्रिस्ती घरांतून रोज सकाळी पवित्र शास्त्रातील एखादे वचन वाचून त्यावर मनन करण्याची जी चाल आहे, तिचा एक प्रसिद्ध प्रकार नेमका याच कल्पनेतून जन्मास आला. जर्मन भाषेत त्या वचनांना 'लोझुंग' म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ परवलीचा शब्द असाच आहे.

ही चाल वरवर पाहता अगदी साधी दिसते. दिवा मालवून सकाळ झाली, घरातील माणसे कामास लागण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे एकत्र बसली, एक वचन वाचले, लहानशी प्रार्थना झाली आणि जो तो आपल्या मार्गाने गेला. टीकाकार विचारील, एवढ्याने काय साधते? ज्या ग्रंथाचा विस्तार हजार पृष्ठांहून अधिक, त्यातील एक ओळ घेऊन काय कळणार? उलट श्रद्धाळू माणूस कधी कधी त्या एका ओळीकडून फारच मोठी अपेक्षा करतो. आज प्रवासास निघावे की नाही, मुलीचे लग्न कोठे करावे, या प्रश्नांचे उत्तर तो सकाळच्या वचनात शोधू लागतो. एक त्यास निरुपयोगी ठरवितो, तर दुसरा त्याची रमलविद्या करून टाकतो. नित्यमननाचे खरे स्वरूप या दोहोंहून निराळे आहे, आणि ते समजण्यास त्या चालीचा इतिहास व तिच्या कसोटीचा एक प्रसंग पाहणे उपयोगी पडेल.

जर्मनीच्या पूर्व भागात, सॅक्सनी प्रांतात, हेर्नहुट नावाचे एक लहान गाव आहे. १७२२ साली मोरेव्हिया प्रांतातून धर्मछळास कंटाळून निघालेली काही कुटुंबे तेथे आली. पंधराव्या शतकात यान हुस या सुधारकाच्या अनुयायांनी जो बंधुसमाज स्थापिला होता, त्याची परंपरा त्यांनी गुप्तपणे जतन केली होती. निकोलाउस लुडविग फॉन त्सिंत्सेनडॉर्फ या तरुण सरदाराने आपल्या जहागिरीत त्यांस आश्रय दिला. पहिले झाड तोडून पहिले घर उभे राहिले, आणि वसाहतीस हेर्नहुट हे नाव पडले. त्याचा भाव असा की, हे प्रभूच्या राखणीतले स्थान. राखणीच्या जागी परवलीचा शब्द आलाच. १७२८ सालच्या मे महिन्यात एका सायंकाळच्या उपासनेत त्सिंत्सेनडॉर्फने जमलेल्या मंडळीस दुसऱ्या दिवसासाठी एक लहानसे वचन दिले. तेव्हापासून रोज सकाळी मंडळीपैकी कोणीतरी घरोघर जाऊन त्या दिवसाचे वचन सांगू लागला. वसाहत तेव्हा लहान होती, घरे तिसाच्या सुमारास होती. वचन सांगावयास गेलेला माणूस वचन टाकून निघून येत नसे. घरात कोणी आजारी आहे काय, कोणाचे मन उदास आहे काय, कोणाची चूल थंड आहे काय, याची तो विचारपूस करी. अशा रीतीने वचन घरात जाई आणि घराची हकीकत मंडळीपर्यंत येई. एकांतात बसून स्वतःच्या मनाची शांती मिळविणे एवढाच या चालीचा हेतू नव्हता. शेजाऱ्याच्या दारातूनच ती सुरू झाली, ही गोष्ट पुढे पुष्कळांच्या विस्मरणात गेली.

१७३१ सालासाठी ही वचने प्रथम छापली गेली. तेव्हापासून आजतागायत दर वर्षी ती पुस्तिका निघत आहे, आणि जगातील पन्नासाहून अधिक भाषांत ती वाचली जाते. जुन्या करारातील सुमारे अठराशे वचनांचा एक संग्रह हेर्नहुट येथे आहे. त्यांतून प्रत्येक दिवसाचे वचन चिठ्ठी काढून ठरवितात, आणि हे काम त्या वर्षाच्या बरेच आधी उरकलेले असते. मग त्या वचनास जुळेल असे नव्या करारातील दुसरे वचन जाणती माणसे विचारपूर्वक निवडतात. म्हणजे एक वचन चिठ्ठीने येते आणि दुसरे विवेकाने. या दोहोंची जोडी फार अर्थपूर्ण आहे.

चिठ्ठी म्हटली की सुशिक्षित माणसाच्या कपाळास आठी पडते, आणि ती काही अगदीच अकारण नव्हे. आरंभीच्या काळी या मंडळीत चिठ्ठीचा उपयोग केवळ वचनापुरता राहिला नव्हता. कोणास परदेशी पाठवावे, कोणाचा विवाह कोणाशी व्हावा, असल्या गोष्टीही चिठ्ठीवर सोपविल्या जात. अनुभवाने त्यांचे त्यांनाच कळून आले की, ज्या ठिकाणी माणसाने विचार करावयाचा, सल्ला घ्यावयाचा व परिणामाची जबाबदारी उचलावयाची, त्या ठिकाणी चिठ्ठी टाकणे म्हणजे देवावरचा भरवसा नव्हे, ती जबाबदारीतून पळवाट होय. पुढे ती प्रथा मागे पडली. वचनाची चिठ्ठी मात्र राहिली, आणि ती राहण्याचे कारण उघड आहे. ही चिठ्ठी माणसाने काय करावे हे ठरवीत नाही. आज काय ऐकावे एवढेच ती ठरविते. आपल्या आवडीवर सोडले तर प्रत्येक जण सांत्वनाची दहा-वीस वचने पुनःपुन्हा वाचील आणि ज्या वचनाने मनास टोचणी लागेल ते पान हळूच उलटून टाकील. न निवडलेले वचन ही सोय काढून घेते. ज्या दिवशी माणूस रागात आहे त्या दिवशी क्षमेचे वचन समोर येते. ज्या दिवशी तो आपल्या यशावर खूष आहे त्या दिवशी न्यायाचे वचन समोर येते. परवलीचा शब्द वरून यावा लागतो तो यासाठी.

या लहानशा वसाहतीतून १७३२ पासून मिशनरी जगभर गेले. वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांत आणि ग्रीनलंडच्या बर्फात ते जाऊन राहिले. पुढे १८८५ साली लडाखमधील लेह येथेही त्यांचे ठाणे झाले, आणि ते मंदिर अद्याप आहे. महाराष्ट्राशी या मंडळीचा प्रत्यक्ष संबंध नाही, परंतु अप्रत्यक्ष संबंध आहे. विल्यम कॅरी याने १७९२ साली जी पुस्तिका लिहून इंग्लंडातील ख्रिस्ती लोकांस जागे केले, तीत त्याने मोरेव्हियन मिशनऱ्यांचा कित्ता त्यांच्यापुढे ठेविला होता. हाच कॅरी पुढे बंगालमधील श्रीरामपूर येथे स्थायिक झाला. तेथून १८०५ साली त्याचे मराठी व्याकरण निघाले, आणि त्याच वर्षी मत्तयाच्या शुभवर्तमानाचे मराठी भाषांतरही तेथे छापले गेले. मराठी घरात मराठीतून वचन वाचण्याची वाट अशी बंगालमधून उघडली.

परंतु भाषांतर झाले एवढ्याने वचन घरात येते असे नाही. भाषा घरातली असावी लागते. हे मर्म पंडिता रमाबाईंनी जितके ओळखले तितके फार थोड्यांनी ओळखले असेल. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असलेल्या या विदुषीने उतारवयात मूळ इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठीत उतरविण्याचे काम एकटीच्या बळावर अंगावर घेतले. पुण्याजवळ केडगाव येथील मुक्तिसदनात राहणाऱ्या, पुष्कळशा दुष्काळातून व वैधव्याच्या हालांतून आलेल्या स्त्रिया तिच्या डोळ्यांपुढे होत्या. पंडितांच्या सभेत मान डोलावेल अशी भाषा तिला सहज लिहिता आली असती. तिने मुद्दाम तसे केले नाही. कालपरवा अक्षरओळख झालेल्या बाईस सकाळी एक वचन वाचून ते दिवसभर मनात धरता यावे, एवढ्यासाठी तिने आपल्या विद्वत्तेस लगाम घातला. छपाईचे कामही सदनातील स्त्रियांच्याच हातून झाले. १९२२ च्या एप्रिल महिन्यात रमाबाईंचे निधन झाले, आणि संपूर्ण ग्रंथ त्यानंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाला.

वचन मिळाले, भाषा मिळाली. आता ते वाचावे कसे? मराठी वाचकास श्रवण, मनन आणि निदिध्यासन या पायऱ्या नव्या नाहीत. ख्रिस्ती परंपरेतही बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या एका मठाधिपतीने अशाच चार पायऱ्यांची शिडी सांगितली आहे. वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान या त्या पायऱ्या होत. वाचनाने घास तोंडात जातो, मननाने तो चावला जातो, असा त्याच्या दृष्टांताचा भाव आहे. ज्याने नुसते गिळले त्याचे पोट भरल्यासारखे वाटते, पण अंगी काही लागत नाही.

याच्या उलट बाजूस मोजून वाचण्याची रीत आहे. स्कॉटलंडमध्ये डंडी येथे रॉबर्ट मरे मचेन नावाचा एक तरुण पाळक होता. त्याने १८४२ साली आपल्या मंडळीसाठी एक कोष्टक तयार केले. त्याप्रमाणे रोज ठरावीक अध्याय वाचले म्हणजे वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा पुरी होतात. दुसऱ्याच वर्षी, एकोणतिसाव्या वर्षी, तो वारला. त्याचे कोष्टक मात्र अजून जगभर चालू आहे. या कोष्टकाची खरी थोरवी त्याच्या प्रस्तावनेत आहे. कोष्टकाचे फायदे सांगण्यापूर्वी त्याने त्याचे धोके सांगितले आहेत. वाचन निव्वळ उपचार होऊन बसेल, नेमलेला भाग उरकला की आपण धार्मिक झालो असा गर्व होईल, डोळे ओळींवरून जातील आणि मन बाजारात असेल, आणि दुर्बळास तो नेम जोखडासारखा जड होईल. नेम घालून देणाऱ्याने नेमाचे दोष आधी सांगावे, हे दुर्मिळ होय. ज्या घरांतून पारायणे होतात त्या घरांतील जाणत्यांस या चारही दोषांची ओळख पटेल.

आता त्या कसोटीच्या प्रसंगाकडे वळावयाचे. दीट्रिख बोनहोफर हा १९०६ साली जन्मलेला जर्मन धर्मपंडित. हिटलरच्या हाती सत्ता आल्यावर जर्मनीतील चर्चचा एक मोठा भाग त्या सत्तेपुढे वाकला. जो भाग वाकला नाही त्याच्या वतीने बोनहोफरने १९३५ साली तरुण पाळकांसाठी एक विद्यालय चालविण्यास घेतले. ते लवकरच स्टेटिन शहराजवळील फिंकेनवाल्डे येथे स्थिर झाले. हा भाग आता पोलंडात मोडतो. तेथे रोज सकाळी अर्धा तास प्रत्येकाने मौनाने मनन करावयाचे, आणि तेही एकाच लहान उताऱ्यावर सबंध आठवडाभर, असा त्याने दंडक घातला. विद्यापीठातून शिकून आलेल्या तरुणांस हे चमत्कारिक वाटले. काहींना झोप येई, काहींचे मन भटके, आणि काही जण त्या वेळात पुढच्या रविवारच्या प्रवचनाचे टाचण करू लागले. ते त्याने बंद केले. या अर्ध्या तासात कोश पाहावयाचा नाही, टीका पाहावयाची नाही, दुसऱ्यास काय सांगता येईल याचा विचार करावयाचा नाही. हे वचन आज मला काय म्हणते, एवढेच ऐकावयाचे. काही नवे सुचलेच पाहिजे असा आग्रह नाही. एका शब्दापाशी मन थांबले तर तेथेच थांबावे. मन भटकलेच तर ज्या माणसाकडे ते गेले त्याच्यासाठी प्रार्थना करावी आणि परत यावे. १९३७ साली गेस्टापो पोलिसांनी विद्यालय बंद पाडले. बोनहोफर त्यानंतरही आपल्या पांगलेल्या विद्यार्थ्यांस परिपत्रके पाठवीत राहिला, आणि त्यांत प्रत्येक आठवड्याचे मननाचे उतारे नेमून देत राहिला.

असल्या मननाने माणूस जगापासून दूर जातो असा एक समज आहे. त्याचे उत्तर बोनहोफरच्या स्वतःच्या बायबलच्या समासात मिळते. १९३८ च्या ९ नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीभर यहुद्यांची प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली. हजाराहून अधिक मंदिरे उद्ध्वस्त झाली, हजारो माणसे छावण्यांत कोंबली गेली, आणि बहुतेक चर्चे मूक राहिली. बोनहोफरच्या बायबलात चौऱ्याहत्तराव्या स्तोत्रातील आठव्या वचनाखाली रेघ ओढलेली आहे. देशातील देवाची सर्व सभास्थाने शत्रूंनी जाळून टाकली, अशा अर्थाचे ते वचन. त्याच्या बाजूस त्याने फक्त एक तारीख लिहिली आहे, ९.११.३८. काही दिवसांनी विद्यार्थ्यांस लिहिलेल्या परिपत्रकात त्याने हे स्तोत्र व यहुद्यांविषयीची आणखी काही वचने मननासाठी सुचविली.

ते स्तोत्र त्या देशातील प्रत्येक चर्चच्या वेदीवर उघडे होते आणि लक्षावधी घरांच्या फळीवर होते. शतकानुशतके लोक ते म्हणत आले होते. जळणारे मंदिर शेजारच्या रस्त्यावर होते, आणि जळणाऱ्या मंदिराचे वचन घरात होते. तरी पुष्कळांस या दोहोंचा संबंध दिसला नाही. त्यांनी वचन वाचले नाही असे नव्हे. नित्यनेम चुकविणारेच काय ते मूक राहिले, असेही नव्हे. त्यांनी वाचनाचे दार लावून घेतले होते. घरोघर फिरून चूल पेटली आहे काय असे विचारणारा तो हेर्नहुटचा माणूस त्यांच्या मननात उरला नव्हता. नित्यमननाचा सर्वांत मोठा धोका कंटाळा हा नव्हे. शेजाऱ्याचा आक्रोश ऐकू न येण्याइतकी सुखकर अशी मनःशांती, हा खरा धोका होय. समासातील त्या तारखेने वचन आणि रस्ता यांमधील भिंत पाडली. कोणत्याही पांडित्यपूर्ण भाष्याने जे साधले नसते ते पाच अंकांनी साधले.

पुढील वर्षी बोनहोफरची स्वतःचीच पाळी आली. युद्ध जवळ येत होते. त्यास लष्करात बोलावणे येणार, आणि ते नाकारले तर मरण, अशी अवस्था होती. अमेरिकेतील मित्रांनी त्यास न्यूयॉर्क येथे काम मिळवून दिले. १९३९ च्या १२ जून रोजी तो तेथे पोहोचला. सुरक्षित खोली, ग्रंथालय, प्रेमळ माणसे, सर्व काही होते. परंतु त्याची त्या दिवसांतील रोजनिशी अस्वस्थतेने भरलेली आहे. हेर्नहुटची वचने तो तेथेही वाचत होता आणि त्यांची नोंद करीत होता. २० जून रोजी त्याने यजमानांस भेटून देऊ केलेले काम नाकारले. त्या दिवशीच्या वचनांत देवाच्या निःपक्षपाती न्यायाचा उल्लेख होता. आपल्या निर्णयाचे खरे हेतू आपल्यालाच पुरते उमगत नाहीत, असे त्याने प्रांजळपणे लिहून ठेविले. त्यानंतर सहा दिवसांनी, २६ जूनला, तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील एक अगदी साधे वाक्य त्याच्या सहज वाचनात आले. वृद्ध पौल तुरुंगातून आपल्या तरुण सोबत्यास हिवाळ्यापूर्वी येऊन पोहोचण्याची विनंती करतो, एवढेच ते वाक्य. ते दिवसभर त्याच्या मनात घुमत राहिले. असे वचन आपल्यालाच उद्देशून आहे असे मानले, आणि त्याप्रमाणे वागण्याची कृपा मिळाली, तर तो शास्त्राचा दुरुपयोग ठरणार नाही, अशा आशयाचे त्याने लिहिले.

येथे तारखांचा क्रम ध्यानात घेतला पाहिजे. निर्णय २० तारखेस झाला आणि वचन २६ तारखेस वाचनात आले. चिठ्ठी उघडावी आणि तीत लिहिले आहे म्हणून बोटीचे तिकीट काढावे, असे घडले नाही. विचार त्याने केला, मित्रांचा रोष त्याने पत्करला आणि संशयही त्यानेच सोसला. आपल्या लोकांच्या संकटात वाटेकरी झाल्यावाचून युद्धानंतरच्या उभारणीत भाग घेण्याचा आपल्याला अधिकार राहणार नाही, असे त्याने एका अमेरिकन स्नेह्यास कळविले. वचनाने निर्णय घेतला नाही. वर्षानुवर्षे ऐकलेल्या वचनांनी निर्णय घेणारा माणूस घडविला, आणि निर्णय झाल्यावर त्यास माघारी फिरू दिले नाही. भविष्यकथन आणि मनन यांत हाच फरक आहे. भविष्य विचारणाऱ्यास पुढे काय होईल ते हवे असते. मनन करणाऱ्यास आपण कोण होत आहोत हे कळत जाते.

जुलै महिन्यात तो परत निघाला, आणि सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस युद्ध पेटले. हिटलरविरुद्धच्या कटाशी त्याचा संबंध जडला. १९४३ च्या ५ एप्रिल रोजी तो पकडला गेला, आणि सुमारे दीड वर्ष बर्लिनमधील टेगेल तुरुंगात राहिला. पुढे त्यास एका जागेवरून दुसरीकडे हलविता हलविता १९४५ च्या एप्रिलमध्ये बव्हेरियातील शोनबर्ग गावच्या शाळेत इतर बंदिवानांबरोबर आणून ठेविले. ८ एप्रिल हा रविवार होता. सोबत्यांनी त्यास उपासना चालविण्याची विनंती केली. तो प्रथम संकोचला. त्यांपैकी बरेच जण रोमन कॅथलिक होते, आणि कोकोरिन नावाचा एक रशियन अधिकारी तर देव न मानणारा होता. त्याच्या मनाविरुद्ध काही लादले जाऊ नये, असे बोनहोफरला वाटले. कोकोरिनने स्वतःच आग्रह केला, तेव्हा त्याने त्या दिवशीची नेमलेली दोन वचने वाचली. एक यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातले, दुसऱ्याच्या जखमांनी आपल्याला आरोग्य लाभले अशा भावाचे. दुसरे पेत्राच्या पहिल्या पत्रातले, पुनरुत्थानाने मिळालेल्या जिवंत आशेविषयीचे. त्यांवर तो थोडेसे बोलला आणि प्रार्थना केली. ती संपते न संपते तोच दोन माणसे दारात आली आणि त्यास घेऊन गेली. त्या बोलावण्याचा अर्थ सर्वांस ठाऊक होता. दुसऱ्या दिवशी पहाटे फ्लॉसेनबुर्ग येथील छावणीत त्यास फाशी देण्यात आली. वय एकोणचाळीस वर्षांचे. दोनच आठवड्यांनी, २३ एप्रिलला, अमेरिकन सैन्याने ती छावणी मुक्त केली.

त्या सकाळची वचने बोनहोफरने निवडली नव्हती. मरण उद्या आहे हे ती नेमणाऱ्यांस ठाऊक नव्हते. त्या रविवारी इतर असंख्य माणसांनी तीच वचने वाचली असतील, कोणी न्याहारीपूर्वी, कोणी तळघरात विमानांचा आवाज ऐकत. वचनात काही गुप्त शक्ती असती तर ते वाचणारा प्रत्येक जण त्याच्यासारखा झाला असता, किंवा निदान त्याची तरी सुटका झाली असती. तसे झाले नाही. झाले ते एवढेच की, दार उघडून परकी माणसे आत आली तेव्हा परवलीचा शब्द त्याच्या ओठी तयार होता. तो त्या क्षणी शोधावा लागला नाही. आणि तो त्याने एकट्यासाठी ठेविला नव्हता, ज्यास तो परका वाटेल अशी भीती होती त्याच्यासुद्धा हाती त्याने तो दिला होता.

सामान्य गृहस्थाच्या वाट्यास असे प्रसंग येत नाहीत, आणि येऊ नयेत. त्याच्या वाट्यास येतात ते लहान दरवाजे आणि लहान पहारे. कचेरीत एखाद्या निरपराध कारकुनावर ठपका येत असता गप्प बसावे की बोलावे, विधवा भावजयीच्या वाटणीचा प्रश्न निघाला असता हिशेब कसा मांडावा, मोलकरणीचा मुलगा तापाने फणफणला असता तिची रजा कापावी काय, असल्या प्रश्नांची उत्तरे सकाळच्या वचनात छापलेली नसतात. परंतु ज्याने सकाळी एक वचन खरोखर ऐकले आहे, घाई न करता, न आवडले तरी पान न उलटता, त्यास दुपारी तो प्रश्न उभा राहिला असता तो आपल्याशी संबंध नसलेला वाटत नाही. नेमाने वाचणाऱ्याने एवढेच करावे. उतारा लहान घ्यावा. तो निवडण्याची मुभा स्वतःकडे फार ठेवू नये. वाचून झाल्यावर त्यात कोणाचे नाव ऐकू येते ते पाहावे, आणि सायंकाळी त्या माणसाचे काय झाले याची आठवण करावी. एखाद्या दिवशी समासात नुसती तारीख लिहावी.

हेर्नहुटच्या त्या पहिल्या निरोप्याच्या हातात पुस्तिका नव्हती. ती छापून येण्यास आणखी तीन वर्षे होती. त्यास वचन पाठ करून न्यावे लागे, आणि पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत जाता जाता ते त्याच्या जिभेवर, मग मनात, आणि मग पायांत उतरत असले पाहिजे. आज वचन छापलेले मिळते, हवे तेव्हा उघडता येते, आणि ही सोय मोठीच आहे. परंतु तीस घरे चालून जाण्याचे ते काम मात्र कोणत्याही छापखान्याने अद्याप कोणाकडून काढून घेतलेले नाही.